रायफलीचा दोष : आराखड्याचा की घडणीचा?



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून महागाईवर, किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी रायफलीवर बोलणार आहे. परंतु रायफल म्हणजे तरी काय? ती कारखान्यात तयार होणारी एक वस्तू आहे. एक माणूस ती कागदावर रेखाटतो, दुसरा यंत्रावर घडवतो, तिसरा मोजून पास करतो आणि चौथा ती खांद्याला लावतो. हे चौघे जन्मात एकमेकांना भेटत नाहीत. ऐन वेळी रायफल अडली, की चौघांपैकी दोष कोणाचा, हा प्रश्न निघतो. आणि तो दोष बहुधा यंत्रावरच्या माणसाच्या किंवा खांद्याला रायफल लावणाऱ्याच्या माथी बसतो, कारण खुलासा करायला त्यांच्यापाशी कागद नसतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या तालुक्यातील पोरे भरतीसाठी भल्या पहाटे डांबरी सडकेवर धावताना आपण रोज पाहतो. त्यांपैकी जी निवडली जातात त्यांच्या हाती हेच हत्यार येते. मलकापूरवरून भुसावळकडे निघालो की वाटेत वरणगाव लागते. तेथे १९६४ साली सुरू झालेला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे आणि या रायफलीचे काडतूस तेथे बनते. आणि ज्या रायफलीविषयी मी मुख्यतः बोलणार आहे तिचा आराखडा पुण्याला, पाषाणच्या संशोधन संस्थेत तयार झाला. म्हणजे या गोष्टीचे कागद आणि काडतूस दोन्ही महाराष्ट्रातले आहेत.

ती रायफल म्हणजे इन्सास. तिच्यापूर्वी आपल्या सैन्याजवळ ७.६२ मिलिमीटरची, बेल्जियमच्या धर्तीवरची, ईशापूरला बनणारी स्वयंभरणी रायफल होती. ती दमदार होती, पण जड होती. १९८०च्या दशकात लहान व्यासाच्या, म्हणजे ५.५६ मिलिमीटरच्या गोळीकडे वळायचे ठरले आणि पाषाणच्या संस्थेने इन्सासचा आराखडा केला. त्यात कलाश्निकोव्हची अंतर्रचना, बेल्जियन रायफलीसारखी वायू कमी-जास्त करण्याची सोय, एका चापेत तीनच गोळ्या सोडण्याची व्यवस्था आणि आत किती गोळ्या उरल्या ते दिसावे म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकचे मॅगझिन, अशी निरनिराळ्या ठिकाणची गुणसामग्री एकत्र आणली होती. बंगालमधील ईशापूर, तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली आणि उत्तरेतील कानपूर येथे ती तयार होऊ लागली.

पुढे १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले. त्या उंचीवर, त्या थंडीत, तक्रारी आल्या. प्लॅस्टिकची मॅगझिने तडकली, रायफल अडली, तीनच गोळ्या सुटायच्या तेथे काही वेळा सुटतच राहिल्या, नेमबाजाच्या डोळ्यात तेल उडाले. नेपाळच्या सैन्यालाही ही रायफल दिली गेली होती. तेथे ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यातील एका चकमकीत ४३ जवान मारले गेले, तेव्हा दीर्घकाळ चाललेल्या लढाईत रायफलीने दगा दिला असे नेपाळी सैन्याने म्हटले. भारतीय वकिलातीने उत्तर दिले की वापर नीट झाला नसावा. पुढे २०१५ साली नक्षलग्रस्त भागातील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या काही तुकड्यांकडून इन्सास काढून घेऊन त्यांना कलाश्निकोव्ह देण्यात आली.

तेव्हापासून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, आराखडाच वाईट. निरनिराळ्या रायफलींचे तुकडे जोडून रायफल होत नाही. दुसरा म्हणतो, आराखडा चांगला होता, पण सरकारी कारखान्यांनी तो बिघडवला. घडणीच्या दोषावरून आराखड्याची किंमत करू नये. वकिलातीने तर तिसराच मार्ग दाखवला : दोष वापरणाऱ्याचा. आज आपल्याला या भांडणाचा निवाडा करायचा आहे, आणि त्यासाठी आधी रायफलीच्या पोटात डोकवायला हवे.

चाप ओढली की घोडा पुढे येतो आणि टाचणीसारखी कीळ काडतुसाच्या बुडावर आदळते. आतली दारू पेटते. तिचा वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीला वरून एक बारीक छिद्र असते. त्यातून थोडासा वायू वर शिरतो आणि दांड्याला, म्हणजे पिस्टनला, मागे रेटतो. पिस्टनबरोबर बोल्ट आधी फिरतो, कुलूप उघडते, मग तो मागे सरकतो आणि रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकतो. पाठीमागची स्प्रिंग दाबली जाते, उसळून बोल्टला पुढे ढकलते. जाता जाता बोल्ट मॅगझिनमधले नवे काडतूस उचलतो, नळीत सारतो, फिरतो आणि कुलूप पुन्हा लागते. अशा जातीच्या रायफलीत हे सर्व मिनिटाला सुमारे ६०० वेळा या वेगाने होते. म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. त्या क्षणी नळीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक असतो.

आता विचार करा. वायूचे छिद्र किंचित लहान पडले, तर बोल्ट पुरता मागे जाणार नाही. ते मोठे झाले, तर बोल्ट इतक्या जोराने आपटेल की भाग झिजतील, तुटतील. मॅगझिनचे ओठ केसाएवढे फाकले, तर काडतूस तिरपे चढेल आणि अडेल. स्प्रिंग मऊ निघाली, तर कुलूप पुरते लागणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला या सर्व गोष्टींचे नाव एकच : रायफल अडली. कारणे मात्र दहा आहेत, आणि त्या दहांचे धनीही निरनिराळे आहेत.

काडतुसाचेही तसेच. पितळेत साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात, मग ती ओढून ओढून लांब करतात. दर ओढीला पितळ कठीण होते, म्हणून मध्ये ते भट्टीत तापवून नरम करावे लागते. शेवटी काडतुसाचे बूड कठीण हवे आणि मान नरम हवी. गोळी सुटते त्या क्षणी काडतूस फुगून नळीला चिकटले पाहिजे, म्हणजे वायू मागे येत नाही. आणि लगेच किंचित आकसले पाहिजे, म्हणजे ते ओढून काढता येते. भट्टीचा ताव चुकला तर मान फाटते किंवा काडतूस नळीत घट्ट बसते. मग शिव्या रायफलीला पडतात, आणि दोष असतो काडतुसाच्या भट्टीत.

घडणीचा दोष आणि आराखड्याचा दोष यांतला फरक स्वच्छ दाखवणारे एक उदाहरण अमेरिकेत घडले. १९०३ सालच्या आराखड्याची स्प्रिंगफील्ड रायफल ही त्यांची नावाजलेली रायफल. १९१७ साली, महायुद्धाच्या घाईत, काही रायफलींचे रिसीव्हर फुटले. रिसीव्हर म्हणजे बोल्ट जिच्यात मागेपुढे सरकतो ती पोलादी पेटी. चौकशी झाली. पोलाद भट्टीत किती तापले हे जुने जाणते कारागीर रंगावरून, नजरेने ठरवत असत. मग उष्णतामापक लावून पाहिले, तेव्हा असे आढळले की स्वच्छ उन्हाच्या दिवशी आणि ढगाळ दिवशी त्याच कारागिराच्या नजरेत तीनशे फॅरनहाइट अंशांपर्यंत फरक पडतो. उजेड भरपूर असला की तापलेले पोलाद फिके दिसते. मग माणूस ते आणखी तापवतो, आणि जास्त तापलेले पोलाद ठिसूळ होते. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातल्या पहिल्या सुमारे ८ लाख रायफली या पद्धतीत निघाल्या होत्या. भट्टीला मापक बसवला, पोलादावरची प्रक्रिया बदलली, आणि त्याच रायफलीचे पुढचे रिसीव्हर भरवशाचे निघाले.

येथे घडणीच्या दोषावरून आराखड्याला नावे ठेवणे अन्यायाचे झाले असते. परंतु मी कामगारांचा माणूस म्हणून आणखी एक प्रश्न विचारतो : भट्टीवरच्या कारागिराचा तरी दोष कोणता? त्याने आपल्या बापाने आणि उस्तादाने शिकवले तसे केले. पंधरा-वीस वर्षे त्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून कारखाना चालला. मापक विकत घेणे त्याच्या हाती नव्हते. घडणीचा दोष म्हटला की आपण हातांकडे पाहतो. हाताला कोणते साधन दिले होते, हे पाहत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण रशियाचे. कलाश्निकोव्हची रायफल १९४९ साली सैन्याने स्वीकारली. मूळ आराखड्यात तिचा रिसीव्हर पोलादी पत्रा ठोकून, वाकवून करायचा होता. हेतू हा की काम लवकर आणि स्वस्तात व्हावे. पण त्या वेळच्या कारखान्यांना ते नीट साधेना. नापास होणाऱ्या नगांचे प्रमाण फार झाले. त्यावर त्यांनी काय केले? कामगारांवर खटले भरत बसण्याऐवजी आराखडा बदलला. रिसीव्हर अख्ख्या पोलादी ठोकळ्यातून कोरून काढायला सुरुवात केली. तो जड झाला, महाग झाला, वेळखाऊ झाला; पण भरवशाचा झाला. मग १९५९ पर्यंत पत्र्याचे काम हाती बसले, आणि सुधारलेली, हलकी, पत्र्याची रायफल निघाली. म्हणजे कल्पना चांगली असली तरी ती ज्या कारखान्यात उतरायची त्या कारखान्याची ताकद न पाहता केली, तर तो दोष आराखड्याच्याच खात्यावर मांडावा लागतो. त्यांनी तो प्रामाणिकपणे तसा मांडला, म्हणून ती रायफल जगभर गेली.

तिसरी जात आणखी निराळी आहे. व्हिएतनाममध्ये १९६५ ते १९६७ या काळात अमेरिकन सैनिकांच्या हातातील एम-१६ रायफली अडू लागल्या. रायफल उघडून साफ करता करता सैनिक मेले. आराखडा करणाऱ्याने जी दारू धरून हिशेब केला होता ती बदलून दुसऱ्या जातीची दारू काडतुसात भरली गेली होती. तिने मळ जास्त साचे आणि बोल्टचा वेग वाढे. काडतूस ज्यात बसते त्या चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नव्हता, त्यामुळे दमट हवेत ते गंजे. वर, या रायफलीला साफ करावे लागत नाही, असा समज पसरला होता आणि सफाईचे सामान पुरेसे दिलेच नव्हते. १९६७ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी करून लष्करी कारभारावर कडक ताशेरे मारले. मुलामा आला, सफाईचे सामान आले, शिक्षण आले, भागांत दुरुस्ती झाली. आणि तीच रायफल पुढे कित्येक दशके चालली. येथे मूळ रेखाटणाराही सुटतो आणि यंत्रावरचा कामगारही सुटतो. दोष सापडतो तो दोघांच्या मधल्या कचेरीत.

या तीन उदाहरणांवरून निवाड्याची रीत काढता येते. पण त्याआधी एक कल्पना समजावून घेऊ, कारण सारा खटला तिच्यावर उभा आहे. कारखान्यात तिला टॉलरन्स म्हणतात. आपला शिंपी कापड बेतताना शिवणीत थोडी माया ठेवतो. यंत्राच्या कामातही माया लागते. जगात कोणताही भाग नेमका दहा मिलिमीटरचा होत नाही. म्हणून आराखड्यात लिहितात : दहा मिलिमीटर, अधिक किंवा उणे पाच शतांश. म्हणजे ९.९५ पासून १०.०५ पर्यंतचा भाग पास. हे तपासायला दोन मापे असतात, त्यांना गो आणि नो-गो गेज म्हणतात. पहिले गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. ही माया किती असावी हे यंत्रावरचा माणूस ठरवत नाही, आराखडा करणारा ठरवतो.

आता समजा, रायफलीत पाच भाग एकापुढे एक बसतात, आणि प्रत्येकाला पाच शतांशाची माया आहे. पाचही भाग गेजमधून पास झाले. पण योगायोगाने पाचही मोठ्या बाजूचे निघाले. तर एकूण फरक पाव मिलिमीटर होतो, आणि त्या पाव मिलिमीटरने कुलूप लागेनासे होते. मग सांगा, येथे चुकला कोण? कामगाराने कागदाप्रमाणे काम केले, तपासनिसाने कागदाप्रमाणे पास केले, आणि रायफल मात्र अडली. हा घडणीचा दोष दिसतो, पण त्याचा उगम आराखड्यात आहे. माया फार सैल ठेवली तर भाग जुळत नाहीत. फार घट्ट ठेवली तर निम्मे नग नापास होतात, आणि महिनाअखेरीला नगांचा आकडा भरायचा म्हणून कोणी तरी डोळेझाक करतो. कलाश्निकोव्हची कीर्ती आहे ती याच मायेमुळे. तिचे हलते भाग सैल बसवले आहेत. धूळ गेली, मळ साचला, थोडी चूक झाली, तरी ती चालते. त्यापायी तिने नेमबाजीतला थोडा अचूकपणा सोडला. तो सौदा उघड्या डोळ्यांनी केलेला होता.

म्हणून माझे म्हणणे असे की चांगल्या आराखड्याची व्याख्याच आपण अर्धी करतो. उत्तम कारागिराने, उत्तम यंत्रावर, सवडीने केलेली एक रायफल उत्तम चालली म्हणजे आराखडा उत्तम, असे आपण समजतो. तो फक्त नमुना उत्तम झाला. आराखड्याची खरी परीक्षा लाखाव्या नगाला होते : रात्रपाळीत, झिजलेल्या हत्यारावर, साधारण कसबाच्या माणसाने केलेला नगसुद्धा चालला पाहिजे. तितकी चूक पोटात घालण्याची शक्ती आराखड्यात असली पाहिजे.

निवाड्यासाठी मी पाच प्रश्न सुचवतो. ते मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाहीत. कामगारांच्या चौकशीत त्यांची बाजू मांडताना गेल्या तीस वर्षांत ते हाती आले.

पहिला : बिघडलेला भाग कागदाप्रमाणे आहे की नाही? कागदाप्रमाणे असूनही बिघडला, तर कागद चुकला. कागदाप्रमाणे नसेल, तर घडण चुकली. आणि तसा तो पास झाला असेल तर तपासणीही चुकली. दुसरा : दोष एकाच घाण्यात, एकाच पाळीत, एकाच कारखान्यात दिसतो, की सगळीकडे? एका ठिकाणी दिसला तर घडणीकडे पाहावे; तिन्ही कारखान्यांत सारखा दिसला तर आराखड्याकडे. तिसरा : दोष दर वेळी त्याच जागी होतो का? चौथा : दुरुस्ती झाली ती कशाने, कामाची पद्धत बदलून की कागद बदलून? आणि पाचवा : ज्या परिस्थितीत वस्तू बिघडली त्या परिस्थितीत ती चालावी, अशी मागणी मुळात लिहिली होती का?

या प्रश्नांचा उपयोग कसा होतो ते सांगतो. विदर्भातल्याच एका कारखान्यात मळणी यंत्रे तयार होत. यंत्राचे दांडे शेतात मोडू लागले आणि ते दांडे लेथवर कातणाऱ्या कामगारावर आरोपपत्र आले. मी त्याच्या बाजूने चौकशीला उभा राहिलो. आम्ही मोडलेले दांडे मागवले. मायक्रोमीटरने मोजले, तर सगळे कागदाप्रमाणे. नंबर पाहिले, तर दोन्ही पाळ्यांतले, तीन निरनिराळ्या हातांचे. आणि मोडले होते ते सगळे एकाच जागी, जाड भागावरून बारीक भागावर उतरताना जी पायरी असते तिच्या कोपऱ्यात. आयटीआयमधल्या एका शिक्षकांनी समजावून दिले की काटकोनी कोपऱ्यात सारा ताण एकवटतो. तेथे थोडी गोलाई द्यावी लागते. कागदावर गोलाई नव्हती. ती दिली, दांडे मोडायचे थांबले आणि आरोपपत्र मागे घेतले गेले. कागदावर मात्र कोणी आरोपपत्र ठेवले नाही.

म्हणून कामगार नेहमीच निर्दोष असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी गेज न लावताच नगांचा ढीग पुढे ढकलला गेला होता. ते करणाऱ्याची मी वकिली केली नाही. शिक्षा पोटावर मारणारी नसावी, एवढेच मागितले. जी वस्तू दुसऱ्याच्या जिवाशी संबंधित आहे तिच्यात डोळेझाक करणे हा दुसऱ्या एका कामगाराच्या पोराचा घात आहे, हे आमच्या सभासदांना मी स्पष्ट सांगत आलो आहे.

आता हे प्रश्न घेऊन इन्सासकडे परत येऊ. मॅगझिन थंडीत तडकते. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते, हे सर्वज्ञात आहे. कोणते प्लॅस्टिक वापरायचे हे आराखड्यात ठरते. आपल्या देशाच्या सरहद्दी बर्फातून जातात हेही आराखडा करण्यापूर्वी ठाऊक होते. तेव्हा कारखान्याने दुसराच माल वापरला किंवा साच्याचा ताव चुकवला असे दिसत नाही तोवर, हा जाब आराखड्याने आणि त्याची चाचणी घेणाऱ्यांनी द्यायचा आहे. तीन गोळ्यांची व्यवस्था काही रायफलींतच बिघडते. तेथे बारीक दाते, खिट्ट्या आणि स्प्रिंगा असतात. अशा ठिकाणी प्रथम घडण आणि झीज पाहावी, आणि मग विचारावे की इतकी नाजूक यंत्रणा सैनिकाच्या हातात देणे कितपत शहाणपणाचे होते. डोळ्यात तेल उडते, हा तर माणसाचा चेहरा कोठे येतो याचा प्रश्न आहे. तो रेखाटणाऱ्याने चाचणीतच पाहायचा असतो.

आणि वापराचा दोष? दीर्घकाळ गोळीबार केल्यावर रायफल तापते हे खरे. सैनिकाला सफाईचे आणि बेताने गोळ्या सोडण्याचे शिक्षण हवे, हेही खरे. पण हल्ला झालेला शिपाई घड्याळ लावून गोळ्या सोडत नाही. आराखड्याने असला वापर गृहीत धरायचा असतो.

ब्रिटनमध्येही असेच घडले, आणि तेथला निकाल आपल्याला उपयोगी आहे. १९८५ साली ब्रिटिश सैन्यात एसए-८० ही रायफल आली. ती अडे, तिचे भाग तुटत. तेथेही हाच वाद झाला. आणि वादाच्या काळात कारखान्यात काय चालले होते? सरकारी शस्त्रास्त्र कारखाने खाजगी कंपनीला विकले जात होते. एन्फिल्डचा शतकाहून जुना कारखाना १९८८ साली बंद झाला आणि काम नॉटिंगहॅमला हलवले गेले. उद्या टाळे लागणार आहे हे ठाऊक असलेल्या कारागिरांकडून नव्या, नाजूक आराखड्याची उत्तम घडण कशी व्हावी? शेवटी २०००च्या सुमारास एका जर्मन कंपनीकडून सुमारे ९ कोटी २० लाख पौंड खर्चून त्या रायफली सुधारून घेतल्या. बोल्ट, काडतूस ओढणारा आकडा, घोडा, मॅगझिन असे कितीतरी भाग नव्या रचनेचे घातले. मग ती रायफल भरवशाची झाली. माझा चौथा प्रश्न लावा. भाग नव्या रचनेचे करावे लागले, म्हणजे दोष नुसत्या घडणीत नव्हता. आणि बाकीची रायफल तीच राहून चालली, म्हणजे सारा आराखडाही टाकाऊ नव्हता.

इन्साससाठीही न्याय असाच करावा लागेल. तिच्यातही दुरुस्त्या झाल्या, सुधारलेला प्रकार निघाला, आणि लाखो जवानांनी ती वर्षानुवर्षे वापरली. तेव्हा ती निव्वळ भंगार होती असे म्हणणे हा तिच्यावर आणि ती घडवणाऱ्यांवर अन्याय होईल. पण "आराखडा निर्दोष, कारखाना नालायक" हेही मला मान्य नाही. एखाद्या घाण्यातला दोष हा घडणीचा दोष असतो. तोच दोष वर्षामागून वर्षे येत राहिला, आणि आराखडा करणाऱ्याने कारखान्यात येऊन तो का येतो हे विचारले नाही, तर तो आराखड्याचा दोष होतो. आई सुगरण असली तरी चुलीची धग न पाहता पाककृती लिहून पाठवली आणि भाकरी करपली, तर नुसत्या भाकरी थापणाऱ्या हाताला बोल लावता येत नाही.

आता पुढची परीक्षा सुरू झाली आहे. कलाश्निकोव्हच्या वंशातली एके-२०३ ही रायफल अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे, रशियाच्या भागीदारीत बनवायचे ठरले आणि सहा लाखांहून अधिक नगांचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. हा आराखडा जगाने तपासलेला आहे. तेव्हा त्या रायफलीत दोष निघाले तर कारखान्याची बाजू लंगडी पडेल, आणि ती निर्दोष निघाली तर आपल्या कामगारांना जमत नाही हा जुना आरोप खोटा ठरेल. दरम्यान १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ सरकारी आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. वरणगावचा कारखाना त्यांपैकी पुण्यात मुख्य कचेरी असलेल्या कंपनीकडे गेला. कामगारांच्या फेडरेशनांनी याला विरोध केला होता. त्या वादात आज मी शिरत नाही. मालक कोणीही असो, मायेचा हिशेब बदलत नाही. आणि नगांचा आकडा गुणवत्तेच्या डोक्यावर बसला की गेज खिशात जाते, हा नियमही बदलत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. नापास नगांची वही लपवायची वस्तू नसून शिकायची वस्तू आहे. ती आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर दर महिन्याला गेली पाहिजे. आराखडा करणाऱ्या तरुण इंजिनियराने वर्षातले काही दिवस पाळीत, लेथजवळ उभे राहून काढले पाहिजेत. आणि रायफल बिघडली की चौकशीच्या खोलीत रेखाटणारा, घडवणारा, तपासणारा आणि ती वापरणारा शिपाई, असे चौघेही एकाच टेबलाभोवती बसले पाहिजेत. ज्याच्या खुर्चीची उंची कमी त्याचा दोष, ही पद्धत बंद झाली पाहिजे. तिने कोणा एकाची नोकरी जाते, पण दोष जागच्या जागी राहतो. आणि पुढच्या खेपेला तो बर्फात, रात्री, आपल्यापैकीच कोणाच्या तरी मुलाच्या हातात पुन्हा उघडा पडतो.